कडाक्याच्या थंडीत ट्रेल कॅमेरा : रात्रीचे फोटो काळे का येतात?

रानवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारून टाकते. जंगलाच्या कडेला जनावरांच्या एका वाटेवर माझा ट्रेल कॅमेरा (समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा) लावलाय, साधाच, आठ पेन्सिल सेलवाला, खोडाला पट्ट्याने बांधलेला. पावसात आणि नंतर पानगळीत बिनतक्रार चालला. पारा शून्याखाली जायला लागला आणि एकेक कुरबुर सुरू झाली. दिवसाचे फोटो स्वच्छ, रात्रीचे मात्र मिट्ट काळे, नाहीतर मधोमध एक करडा ठिपका आणि बाकी अंधार. बॅटरीचं चिन्ह मात्र अर्ध्याच्या वर दाखवतंय. मधेच एकदा तारीख-वेळ पुसली गेली आणि पुढचे सगळे फोटो कारखान्यातल्या मूळ तारखेचे. शिवाय दुपारी ऊन पडलं की रिकामे फोटो ढिगाने, एकातही प्राणी नाही.

मला तो कॅमेरा आता बर्फ वितळेपर्यंत तिथेच ठेवायचाय आणि शक्यतो मधे जायचं नाहीये. त्या वाटेवर एक लाल कोल्हीण फिरते, तिची हिवाळ्यातली ये-जा बघायचीय, आणि मीच सारखी तिथे घुटमळत राहिले तर ती वाट बदलेल. तर थंडीत कॅमेरा महिनोन्‌महिने हात न लावता चालवायचा असेल तर काय काय करावं लागतं? सेल अल्कलाइन आहेत, नवेच घातले होते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सर्किटवाला
कॅमेरा धड आहे, सेल बदला. अल्कलाइन काढा, लिथियमचे घाला, निम्मी तक्रार तिथेच संपेल.

निशाचर
+१. दिवसा ठीक आणि रात्री काळे, हे सेल थंडीत दमल्याचं पक्कं लक्षण.

काळवीट
पण मग चिन्ह अर्ध्याच्या वर का दाखवतं? माझ्याकडेही हेच होतं आणि मी आत्तापर्यंत फ्लॅशलाच दोष देत होतो.

सर्किटवाला
काळवीट, चांगला प्रश्न आहे, जरा सविस्तर सांगतो. अल्कलाइन सेलमधलं द्रावण पाण्याचं असतं. गारठ्यात त्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, वाढतो. कॅमेरा नुसता वाट बघत बसलेला असतो तेव्हा त्याला करंट अगदी किरकोळ लागतो, त्यामुळे व्होल्टेज ठीकठाक दिसतं आणि चिन्ह त्या व्होल्टेजवरूनच ठरतं. दिवसाचा फोटो काढायलाही फार लागत नाही. रात्री मात्र फ्लॅशसाठी इन्फ्रारेड एलईडीचा (अवरक्त उजेडाच्या छोट्या दिव्यांचा) सगळा ताफा एकदम पेटतो, करंटची मागणी कितीतरी पटीने वाढते, वाढलेल्या रोधामुळे व्होल्टेज खाली बसतं आणि फ्लॅश अर्धवट पेटतो किंवा पेटतच नाही. व्होल्टेज फारच बसलं तर कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि काही मॉडेलमध्ये त्यात घड्याळही जातं. रानवाट यांची तारीख अशीच गेली असणार.

आणखी एक, हिवाळ्यात रात्र मोठी. म्हणजे जास्तीत जास्त फोटो फ्लॅशवर पडतात आणि तेही नेमके सर्वात गार तासांत. दुहेरी मार आहे.

न चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल घ्या, आत लिथियम आणि आयर्न डायसल्फाइड असतं, पाणी नसतं. ते उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असं उत्पादक सांगतात. अल्कलाइनची मर्यादा साधारण उणे १८ सांगितली जाते, पण त्याच्या कितीतरी आधीच ते दम टाकायला लागतात. लिथियमचे वजनालाही जवळपास एक तृतीयांशाने हलके.

पाऊलखुणा
एक सावधगिरीची सूचना मधेच घुसवते. दुकानात "लिथियम" लिहिलेलं दिसलं म्हणून काहीही उचलू नका. पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे चार्ज होणारे लिथियम-आयनही मिळतात. ते आठ घातले तर दुपटीपेक्षा जास्त व्होल्टेज जाईल आणि सर्किट जळेल. सेलवर १.५ व्होल्ट लिहिलंय ना हे डोळ्यांनी वाचून घ्या.

काळवीट
धन्यवाद सर्किटवाला, आता कळलं. फ्लॅशची माफी मागतो :)

गवताळ
मी थोडा वेगळा सूर लावतो. लिथियम चांगले, वाद नाही, पण दरवेळी आठ सेल वापरून टाकून द्यायचे हे मला पटत नाही. मी निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल वापरतो, कमी स्वयं-गळतीवाले, म्हणजे नुसते पडून राहिले तरी लवकर न उतरणारे. उणे दहाच्या आसपास माझ्याकडे ते अल्कलाइनपेक्षा उजवे ठरलेत, रात्रीचे फोटोही नीट येतात. त्यांचा रोध मुळातच कमी असतो.

सर्किटवाला
गवताळ, बरोबर, पण दोन अटींवर. एक, त्यांचं व्होल्टेज १.२ असतं, त्यामुळे काही कॅमेरे पूर्ण भरलेल्या सेलवरही "बॅटरी कमी" म्हणून बंद पडतात. मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर ती आधी बदला. दोन, उणे २० च्या खाली त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. तुम्ही ठरावीक दिवसांनी जाऊन सेल बदलत असाल तर उत्तम पर्याय आहे. रानवाट यांना मधे जायचंच नाहीये, तिथे मी लिथियमच म्हणेन.

गवताळ
मान्य. न जाता महिने काढायचे असतील तर लिथियम.

रानवाट
वा, इतक्या लवकर इतकं कळेल असं वाटलं नव्हतं. एक शंका, लिथियमवर बॅटरीचं चिन्ह बरोबर दाखवेल का?

सर्किटवाला
नाही. लिथियमचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. चिन्ह शेवटपर्यंत "भरलेलं" दाखवेल. त्यामुळे सगळे सेल एकदमच नवे घाला, जुने-नवे किंवा वेगवेगळ्या जातीचे एकत्र करू नका, आणि घातल्याची तारीख झाकणाच्या आत पट्टीवर लिहून चिकटवा.

डोंगरकडा
सेलभोवती थर्माकोल किंवा लोकर गुंडाळली तर? मी ऐकलंय की काही लोक हात शेकायच्या त्या गरम पुड्याही ठेवतात.

सर्किटवाला
उपयोग नाही. आवरण उष्णता धरून ठेवतं, तयार करत नाही. कॅमेरा स्वतः जवळपास काहीच उष्णता देत नाही, मग धरून काय ठेवणार? फार तर बाहेरच्या तापमानाला पोहोचायला थोडा उशीर होईल, पहाटेपर्यंत आत-बाहेर सारखंच. त्या पुड्या म्हणजे आतल्या लोखंडाच्या भुकटीचं गंजणं. त्यांना हवा लागते, आठ-दहा तासांत संपतात, आणि बंद पेटीत चालत नाहीत. एका रात्रीच्या छायाचित्रणाला ठीक, महिन्यांच्या कामाला नाही.

हिवाळी_पक्षी
माझ्याकडे बर्फ भरपूर पडतो आणि बरीच वर्षं हेच करतेय, म्हणून सेल सोडून बाकीचं सांगते, कारण सेल बदलले तरी कॅमेरा बर्फात गाडला गेला तर काय उपयोग.

पहिलं म्हणजे उंची. पानगळीत गुडघ्याच्या उंचीवर लावलेला कॅमेरा दोन मोठ्या हिमवर्षावांनंतर बर्फाच्या पोटात असतो. जमीनच वर येते! शिवाय प्राणी त्या वर आलेल्या जमिनीवरून चालतात, म्हणजे छातीच्या उंचीवर लावलेला कॅमेराही नंतर त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. मी डोक्याएवढ्या उंचीवर लावते आणि मागे वरच्या बाजूला काठीचा तुकडा अडकवून तोंड खाली झुकवते.

दुसरं, दिशा. वाऱ्याने उडणारा बर्फ खोडाच्या वाऱ्याकडच्या बाजूला थापला जातो. आधी झाडं बघा, एका बाजूला पांढरा लेप दिसतो, कॅमेरा त्याच्या विरुद्ध बाजूला हवा. आणि हिवाळ्यातला सूर्य दिवसभर खाली असतो, उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलं तर थेट भिंगात ऊन येतं, म्हणून उत्तरेकडे. दक्षिण गोलार्धात उलट.

तिसरं, फांद्या. आत्ता जी फांदी चौकटीच्या बरीच वर दिसते ती बर्फाच्या ओझ्याने वाकून नेमकी भिंगासमोर येते. वरच्या फांद्या लावतानाच बघून घ्या. एका हिवाळ्यात एकाच फांदीचे इतके फोटो आलेले बघितलेत की तिला नाव ठेवायला हरकत नव्हती.

चौथं, पट्टा. कापडी पट्टा भिजतो, गोठतो आणि बक्कल उघडत नाही. स्क्रूने बसवायचा धातूचा ब्रॅकेट बरा, पण झाडाला स्क्रू मारायची परवानगी असेल तरच.

रेंजर_काका
हिवाळी_पक्षी यांच्याशी बव्हंशी सहमत, पण डोक्याच्या उंचीवर माझं एकमत नाही. मार्टेन (मुंगसासारखा लांबट छोटा शिकारी), ससा, छोटं रानमांजर असले प्राणी वरून घेतलेल्या फोटोत नुसती पाठ दाखवतात, आणि फार वरून झुकवलं की प्राण्याची चाहूल घेणाऱ्या सेन्सरचा पट्टा आखूड होतो. जिथे वारा बर्फ उडवून नेतो, कडे, उघडे माथे, मोठ्या खडकाचा आडोसा, तिथे कमरेइतकं पुरतं. किती बर्फ साठतो हे जागेवर ठरतं.

हिवाळी_पक्षी
काका, हो, वाऱ्याने साफ होणाऱ्या जागी तुमचं बरोबर. मी दाट झाडीतलं सांगत होते, रानवाट यांची जागा तशीच वाटली.

रानवाट
हो, झाडीच आहे. वारा फारसा लागत नाही.

भिंगरी
वाचतेय. मला ते दुपारच्या रिकाम्या फोटोंचं कारण हवंय, माझं मेमरी कार्ड त्यातच भरतं.

सर्किटवाला
भिंगरी, कॅमेऱ्याला जागा करणारा सेन्सर प्राण्याला "बघत" नाही. तो पॅसिव्ह इन्फ्रारेड, म्हणजे समोरच्या वस्तूंमधून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांत अचानक फरक पडला की जागा होतो. थंडीत पार्श्वभूमी गार आणि प्राणी गरम, फरक मोठा, त्यामुळे उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात तो जास्त लांबचं पकडतो. उन्हाळ्यात हवाच प्राण्याच्या अंगाइतकी तापली की तो गोंधळतो, चुकवतो. हिवाळ्यात उलटी तक्रार: बर्फ गार, त्यावर उन्हात तापलेलं काळं खोड किंवा खडक, मधे हलणारी फांदी, झालं, कॅमेऱ्याला वाटतं काहीतरी गेलं. दुपारीच होतं ते याचमुळे. संवेदनशीलता एक पायरी कमी करा आणि समोर उन्हात येणारं काळं काही नको.

पाऊलखुणा
यात एक मेख आहे. दाट हिवाळी केसांचे प्राणी उष्णता बाहेर सोडतच नाहीत. वरच्या केसांचं तापमान हवेच्या जवळपास असतं, सेन्सरला दिसतात ते चेहरा, डोळे, पाय. म्हणजे फरक मोठा असायला हवा तिथेही तो तेवढा नसतो. संवेदनशीलता फार कमी केली तर कोल्हाच निसटेल.

सर्किटवाला
हे महत्त्वाचं आहे, बरं झालं सांगितलंत. मग "मध्यम" वर ठेवून जागा बदलणं जास्त बरं. आणि कॅमेरा वाटेला तिरपा लावा. सेन्सर आडव्या हालचालीला चटकन जागा होतो, सरळ अंगावर येणाऱ्याला उशिरा. अगदी काटकोनात लावला तर प्राणी चौकटीतून निघून गेल्यावर फोटो पडतो, शेपूट तेवढी उरते.

हिवाळी_पक्षी
आणि सेन्सरच्या त्या दुधी खिडकीवर दहिवर धरलं तर सगळंच बंद. मी एकदा जवळून निरखलंय: भिंग स्वच्छ होतं, पण खिडकीवर बारीक सुयांचा पांढरा थर, सगळ्या सुया एकाच बाजूला वळलेल्या. फोटो एक नाही. भिंगातून आपल्याला आरपार दिसतं म्हणून कॅमेरा ठीक आहे असं वाटतं, पण उष्णतेचे किरण बर्फातून जात नाहीत. साध्या काचेतूनही जात नाहीत, म्हणून तर ती खिडकी प्लास्टिकची असते. वर पुढे आलेलं छोटं छप्पर लावलं तर बराच फरक पडतो, झाडाच्या सालीचं केलं तरी चालतं.

डोंगरकडा
खिडकीला मेण किंवा कसला फवारा?

हिवाळी_पक्षी
मी नाही लावणार. त्या प्लास्टिकवर आतून बारीक कंगोरे असतात, त्यानेच किरण एकत्र होतात. वरून कसलाही थर दिला की किरण अडतात. छप्पर आणि वाऱ्याची दिशा, एवढ्यावर भागवा.

निशाचर
माझ्याकडे हरणाने भिंग चाटलं होतं. आधी भलंमोठं नाक, मग जीभ, आणि पुढचे सगळे फोटो गोठलेल्या लाळेतून. धुक्यातलं रान वाटतं, पण फार गोड मालिका आहे ती. :)

भिंगरी
हाहा, हरणाला श्रेय द्या, सहछायाचित्रकार म्हणून!

सौरऊर्जा
कोणी सौर पॅनेलबद्दल बोललंच नाही. छोटं पॅनेल आणि आतली चार्ज होणारी बॅटरी, सेलची कटकटच नाही.

सर्किटवाला
उन्हाळ्यात झकास. हिवाळ्यात तीन अडचणी. दिवस छोटा आणि सूर्य खाली, झाडीत तर पॅनेलला ऊनच मिळत नाही. पॅनेलवर बर्फ बसतो, म्हणून ते जवळपास उभंच लावावं लागतं, बर्फ घसरतो आणि खालच्या सूर्यालाही तोंड नीट होतं. तिसरी अडचण मोठी: लिथियम-आयन आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करायच्या नसतात, आत धातूचं लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीतलं संरक्षक सर्किट अशा वेळी चार्जिंगच तोडतं. म्हणजे लख्ख ऊन पडलंय, पारा उणे पाच, आणि बॅटरीत काहीही जात नाही.

सौरऊर्जा
अच्छा! म्हणजे माझी बॅटरी उन्हातही भरत नव्हती ते याचमुळे. मी पॅनेल बदलायला निघालो होतो.

रेंजर_काका
बाहेरून १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी जोडणाऱ्यांसाठी: पूर्ण भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण रिकामी झालेली उणे दहाच्या आसपासच गोठते, कारण तिच्यातलं आम्ल पातळ होऊन जवळपास पाणीच उरतं. कवच तडकतं. म्हणून ती अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही. पेटी झाडावर टांगण्यापेक्षा जमिनीलगत ठेवा. वर बर्फाचा जाड थर बसला की त्याखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकून राहतं, बाहेर उणे वीस असलं तरी. उंदीर-घुशींच्या जातीचे छोटे प्राणी त्याच थराखाली हिवाळा काढतात. आणि त्यांना वायर कुरतडायला आवडते, म्हणून वायर पाइपातून न्या.

इतिहासप्रेमी
थोडं अवांतर. सेलच्या गप्पा वाचताना जॉर्ज शिरास आठवला. हा अमेरिकी वकील १९ व्या शतकाच्या शेवटी रात्री प्राण्यांचे फोटो काढायचा, वाटेवर तार ताणायची, प्राण्याचा पाय लागला की फ्लॅशच्या भुकटीचा भडका आणि फोटो. एका रात्रीत एकच संधी. नॅशनल जिओग्राफिकने जुलै १९०६ च्या अंकात त्याचे ७० हून जास्त फोटो छापले होते. आपण कार्डावरचे हजारो फोटो पुसतो तेव्हा मला तो माणूस आठवतो.

पाऊलखुणा
छान माहिती. थंडीतल्या कामाचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे हिमबिबट्यांची गणना. २०१९ ते २०२३ या काळात हिमालयात १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले होते, २४१ वेगवेगळे हिमबिबटे फोटोत ओळखता आले, आणि त्यावरून देशात ७१८ असल्याचा अंदाज २०२४ मध्ये जाहीर झाला. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, म्हणून ओळख पटते. फोटोत ठिपके नीट दिसले नाहीत तर ते जनावर मोजणीत धरणंच अवघड, म्हणून फ्लॅश, भिंग, सेल यांची एवढी काळजी घ्यायची.

काळवीट
फ्लॅशवरून आठवलं, बर्फावर रात्रीचे फोटो माझ्याकडे पांढरेफटक येतात. प्राण्याच्या जागी नुसता उजेडाचा गोळा.

निशाचर
बर्फ फ्लॅश परतवतो. मेनूत फ्लॅशची ताकद कमी करायची सोय असेल तर करा, सेलही वाचतात. नसेल तर काही एलईडींवर अर्धपारदर्शक पट्टी चिकटवा, सेन्सर आणि भिंग मोकळं सोडून. मुख्य म्हणजे कॅमेऱ्याच्या अगदी जवळ बर्फाचा उंचवटा किंवा फांदी नको, उजेड तिथेच आपटतो आणि मागचा प्राणी काळा राहतो. बर्फ पडत असताना पांढरे गोळे दिसणारच, ते फ्लॅशमध्ये चमकलेले हिमकण.

सिमकार्ड
मोबाईल नेटवर्कवाला कॅमेरा असेल तर? रानवाट यांना न जाताही फोटो बघता येतील की.

सर्किटवाला
येतील, पण फोटो पाठवताना मोडेम भरपूर करंट ओढतो आणि नेटवर्क कच्चं असेल तर वारंवार प्रयत्न करत राहतो. हिवाळ्यात प्रत्येक फोटो लगेच पाठवायला लावू नका, दिवसातून एकदा, दुपारी, सेल जरा उबदार असताना. जागेवर नेटवर्क आहे का ते आधी फोनने तपासा.

गारठा
मी मात्र दर आठवड्याला जातोच. कार्ड बदलायचं, बर्फ झटकायचा, हातात ताजे फोटो. इतकं घाबरायचं काय?

रेंजर_काका
गारठा, तुमचा उत्साह कळतो, तरी कळकळीने सांगतो. हिवाळ्यात जनावर साठवलेल्या चरबीवर दिवस काढत असतं. आपल्या चाहुलीने हरणांचा कळप खोल बर्फातून उधळला की त्यांची किती ताकद खर्च होते याचा विचार करा, ती भरून काढायला तेव्हा चारा नसतो. शिवाय आपण चालून बर्फ दाबला की ती पक्की वाट होते आणि शिकारी प्राणीही ती वापरतात, म्हणजे आपण जनावरांच्या हालचालीच बदलतो. मग त्या फोटोंमधून आपण नेमकं काय शिकणार? प्राणी यावा म्हणून खाणं टाकायचं हेही त्यातलंच, अजिबात नको.

गारठा
पक्क्या वाटेचं लक्षात आलं नव्हतं काका. माझी जागा रस्त्यालगत आहे, तिथे माणसांची ये-जा असतेच, म्हणून मला फरक जाणवला नसेल. पण आतल्या कॅमेऱ्याच्या फेऱ्या कमी करेन.

पाऊलखुणा
चोरीचीही बाजू आहे. बर्फात आपल्या बुटांचे ठसे सरळ कॅमेऱ्यापर्यंत जातात, कोणालाही दिसतील. जायचंच असेल तर हिमवर्षाव सुरू व्हायच्या बेतात जावं, मागचे ठसे पुसले जातात.

हिवाळी_पक्षी
फक्त बर्फ पडायला लागल्यावर झाकण उघडू नका! आत गेलेला कण वितळतो, त्याची वाफ होते आणि पुढच्या थंड रात्री ती भिंगाच्या आतल्या बाजूला गोठते, तिथे आपला हात पोहोचत नाही. झाकणाच्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढा बर्फ राहिला तरी रबरी सील नीट बसत नाही. उघडताना वर छत्री धरा, तोंड बाजूला ठेवा म्हणजे श्वास आत जाणार नाही, आणि झाकण लावायच्या आधी खाचेवरून कोरडं बोट फिरवा. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची कोरडी पुडी आत ठेवा.

आणि कॅमेरा घरी आणलात तर लगेच उघडू नका. बाहेर, थंडीतच, हवाबंद पिशवीत घाला, मग घरात आणा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवीतच राहू द्या. दमट गरम हवेतलं पाणी पिशवीवर जमेल, सर्किटवर नाही. शक्य असेल तर कॅमेरा हलवूच नका, कार्ड आणि सेल तिथेच बदला, नवे सेल आतल्या खिशात उबदार ठेवून न्या.

निशाचर
कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून घ्या, कॉम्प्युटरवर नको. आणि व्हिडिओऐवजी फोटो ठेवा, रात्रीच्या व्हिडिओत फ्लॅश सतत जळतो, सेल त्यातच संपतात.

भिंगरी
तारीख पुसली गेली तर सगळे फोटो वाया?

पाऊलखुणा
नाही. कॅमेरा काढायला गेल्यावर सेल काढायच्या आधी फोनवरचं घड्याळ त्याच्यासमोर धरून एक फोटो पडू द्या. त्या फोटोवरची चुकीची वेळ आणि फोनमधली खरी वेळ यातला फरक मिळाला की घड्याळ बिघडल्यानंतरचे सगळे फोटो मागे मोजत दुरुस्त करता येतात. लावतानाही तसाच एक फोटो घ्यायचा. फोटोवर छापलेलं तापमान मात्र पेटीच्या आतलं असतं, उन्हात ते हवेपेक्षा बरंच जास्त दाखवतं, त्यावर निष्कर्ष काढू नका.

सिमकार्ड
वाचनखूण साठवली. हा धागा दर हिवाळ्यात वर यायला हवा.

रानवाट
मंडळी, खबर द्यायला आले. तुमचं सगळं ऐकून नवे लिथियम सेल घातले, कॅमेरा दुसऱ्या खोडावर उंच आणि तिरपा लावला, तोंड उत्तरेकडे, वर सालीचं छप्पर. नंतर बरेच दिवस तिकडे फिरकलेच नाही. बर्फ पडायच्या बेतात होता तेव्हा एकदाच जाऊन कार्ड बदललं, छत्रीखाली!

रात्रीचे फोटो कडेपर्यंत उजळलेले आहेत. कोल्हीण आलीय, वाटेच्या त्याच बाजूने, आणि एका फोटोत तिच्या मिशांवर दहिवर धरलेलं स्पष्ट दिसतंय, एकेक केस पांढरा. आणि शेवटच्या काही रात्री ती एकटी नाहीये. मागे दुसरा कोल्हा आहे, जरा मोठ्या डोक्याचा. दुपारचे रिकामे फोटो पूर्ण थांबले नाहीत पण आता बोटांवर मोजण्याइतके. सगळ्यांचे मनापासून आभार.

रेंजर_काका
अभिनंदन! ऐन हिवाळा हाच त्यांच्या जोडीचा काळ, नर मादीच्या मागेमागे फिरतो. आता तर अजिबात जाऊ नका.

रानवाट
नाही जाणार काका. बर्फ वितळल्यावरच.

काळवीट
संवेदनशीलता शेवटी कशावर ठेवलीत?

रानवाट
मध्यम. कमी वर एक रात्र ठेवून घराजवळ चाचणी घेतली होती, आमचा झुपकेदार कुत्रा समोरून गेला तरी फोटो पडला नाही. पाऊलखुणा म्हणाल्या तेच, केस उष्णता सोडत नाहीत.

सर्किटवाला
उत्तम चाचणी. कॅमेरा परत आणलात की सेल काढून ठेवा, झाकण उघडं ठेवून दोन दिवस वाळू द्या, आणि सिलिका जेलची पुडी बदला. रबरी सीलला कुठे चीर पडलीय का तेही बघून घ्या, थंडीत रबर कडक होतं.